पॅट योजना (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड)

मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे उद्दिष्ट नेमून देणारी आणि उद्दिष्टापलीकडची बचत बाजारात विकू देणारी केंद्र सरकारची योजना. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो (बीईई) ती राबवतो. पहिले चक्र २०१२-१३ ते २०१४-१५ असे तीन वर्षांचे होते. आठ उद्योगक्षेत्रांतील ४७८ कारखाने त्यात होते.

पार्श्वभूमी : ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ रोजी ब्यूरो स्थापन झाला. कायद्याने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणारे कारखाने ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ ठरले. कारखान्यांत त्यांना नुसते ‘डीसी’ म्हणतात. ऊर्जा व्यवस्थापक नेमायचा, मुदतीत ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचे, वर्षाचा हिशेब पाठवायचा, असे त्यांच्यावर बंधन आले. मात्र लेखापरीक्षकाने अहवालात दाखवलेली बचत प्रत्यक्षात उतरवली तर पदरात काय पडणार, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्यात आठ अभियाने होती. त्यांपैकी ऊर्जा कार्यक्षमतेच्या अभियानातून पॅटची कल्पना पुढे आली. अजय माथुर तेव्हा ब्यूरोचे महासंचालक होते. २०१० च्या दुरुस्तीने योजनेला कायद्याचा आधार मिळाला आणि मार्च २०१२ मध्ये कारखानानिहाय उद्दिष्टे अधिसूचित झाली.

मोजमाप : योजनेचा खरा कणा हाच आहे. कारखान्याच्या फाटकातून आत आलेली एकूण ऊर्जा भागिले बाहेर पडलेले उत्पादन, म्हणजे विशिष्ट ऊर्जावापर. कोळसा, फर्नेस ऑइल, वायू, वीज सगळे एकाच मापात, तेल-समतुल्य टनांत आणायचे. एक तेल-समतुल्य टन म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. ग्रिडवरून घेतलेल्या विजेचे एक युनिट ८६० किलोकॅलरी धरतात. २००७-०८ ते २००९-१० या तीन वर्षांची सरासरी ही आधाररेषा मानली गेली. उद्दिष्ट सरसकट नव्हते. क्षेत्रातल्या सर्वांत कार्यक्षम कारखान्याला कपातीची टक्केवारी कमीत कमी आणि मागे पडलेल्यांना जास्त, अशी वाटणी होती. आधीच पैसे घालून यंत्रे सुधारलेल्या कारखान्यावर त्यामुळे अन्याय झाला नाही.

सूत्र सोपे दिसते, पण सिमेंटच्या कारखान्यात ते लावून पाहिले की अडचण कळते. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर होते आणि ते दळून सिमेंट. भाजणीला कोळसा लागतो, दळणाला वीज. समजा, एका कारखान्याने यंदा क्लिंकर न दळता तसेच दुसऱ्या ग्राइंडिंग युनिटला विकले. त्याची दळणाची वीज वाचली, पण ती बचत नव्हे. उलट, बाहेरून क्लिंकर आणून नुसते दळणारा कारखाना भट्टीशिवायच उत्पादन दाखवील. म्हणून विकलेले, विकत घेतलेले आणि साठ्यात पडलेले क्लिंकर एका ठरलेल्या मुख्य उत्पादनात बदलून मगच भागाकार करतात. भट्टी किती वेळा थंड पडून पुन्हा पेटवली, कोळशाची प्रत किती बदलली, याचाही हिशेब धरतात. या दुरुस्त्यांना ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. अधिस्वीकृत लेखापरीक्षक इंधनाच्या नोंदी, मीटरची वाचने आणि प्रयोगशाळेचे उष्मांक-अहवाल ताडून पाहतो. बचतीच्या दाव्यांवर विश्वास बसतो तो या किचकट कामामुळे, आणि भारतीय उद्योगाला पॅटची सर्वांत टिकाऊ देणगी तीच आहे.

पहिल्या चक्राचे फलित : उद्दिष्ट ६६.८६ लाख तेल-समतुल्य टनांचे होते, बचत ८६.७ लाख टनांची नोंदली गेली. टळलेले कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे ३.१ कोटी टन होते. सिमेंटच्या ८५ कारखान्यांनी ८.१५ लाख टनांच्या उद्दिष्टावर १४.८ लाख टन वाचवले. उभ्या रोलर मिल, भट्टीच्या तोंडाशी जास्त टप्प्यांचे प्रीहीटर, वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीजनिर्मिती आणि राख मिसळलेले सिमेंट ही त्यामागची मुख्य तंत्रे. राखेच्या सिमेंटचा अर्थ चंद्रपूर जिल्ह्यात चांगला कळतो. गडचांदूर-आवारपूर परिसरात चुनखडी आहे, कोळसा जवळ आहे आणि औष्णिक केंद्राची राखही हाताशी आहे. अशा सिमेंटमध्ये राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे तेवढे क्लिंकर भाजावेच लागत नाही. ही सुधारणा योजनेविनाही झाली असती काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आठपैकी उद्दिष्ट चुकले ते एकाच क्षेत्राचे, औष्णिक विजेचे. १४४ केंद्रांकडून ३२.१ लाख टनांची अपेक्षा होती, हाती आले सुमारे ३०.६ लाख. जुने संच, कोळशाची घसरती प्रत आणि कमी भारावर चालवावी लागणारी केंद्रे ही कारणे सांगितली जातात. बचतीचा सर्वांत मोठा वाटाही याच क्षेत्राचा होता, हे विसरू नये.

पोलाद, खते, कागद, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली व वस्त्रोद्योग : सर्वांनी उद्दिष्ट ओलांडले.

प्रमाणपत्रे व बाजार : उद्दिष्टापेक्षा जास्त वाचवलेल्या प्रत्येक तेल-समतुल्य टनामागे एक ऊर्जाबचत प्रमाणपत्र (एस्सर्ट) मिळते. कमी पडलेल्याने ते विकत घ्यायचे, नाहीतर दंड भरायचा. पहिल्या चक्रात ३०९ कारखान्यांना सुमारे ३८.२५ लाख प्रमाणपत्रे मिळाली. ११० कारखान्यांना मिळून लागत होती १४.२५ लाख. विकणारे उदंड आणि घेणारे मोजके, अशा बाजारात भाव टिकणे शक्यच नव्हते. २६ सप्टेंबर २०१७ रोजी वीज विनिमय केंद्रांवर व्यवहार सुरू झाले तेव्हा भाव १२०० रुपये होता आणि पुढे तो बराच घसरला. एकूण सुमारे १२.९८ लाख प्रमाणपत्रे विकली गेली आणि उलाढाल शंभर कोटींच्या आसपास झाली. म्हणजे एका प्रमाणपत्राला सरासरी ७७० रुपये. सरकारने २०११-१२ साठी अधिसूचित केलेली एका तेल-समतुल्य टनाची किंमत मात्र १०,१५४ रुपये होती. नवे यंत्र बसवण्यापेक्षा कागद विकत घेणे इतके स्वस्त पडले, तर यंत्र कोण बसवील? दोष बाजाराचा नव्हता, उद्दिष्टे सौम्य होती. दुसऱ्या चक्राच्या व्यवहारांसाठी पुढे १८४० रुपयांची किमान किंमत ठरवावी लागली, हा त्याचाच पुरावा.

महाराष्ट्रात योजनेची नियुक्त यंत्रणा पुण्याची महाऊर्जा (मेडा) आहे. दंडाचा निर्णय कायद्याने राज्य वीज नियामक आयोगाकडे दिला आहे.

व्याप्ती व मर्यादा : दुसऱ्या चक्रात (२०१६-१७ ते २०१८-१९) रेल्वे, तेलशुद्धीकरण व वीज वितरण कंपन्या आल्या. क्षेत्रे ११ आणि घटक ६२१ झाले, उद्दिष्ट ८८.६९ लाख टनांवर गेले. त्यानंतर दरवर्षी नवे चक्र सुरू करण्याची पद्धत आली.

वस्त्रोद्योगासाठी प्रवेशाची मर्यादा वर्षाला ३००० तेल-समतुल्य टन होती. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावचा यंत्रमागधारक तिच्या जवळपासही जात नाही. एकेकट्या शेडचा वापर थोडा, पण सगळे माग एकत्र धरले तर तो फार मोठा होतो. जुनी मोटर बदलायला भांडवल नसलेला हा माग-मालकच या रचनेतून सुटला, ही पॅटची गंभीर उणीव मानली पाहिजे. लघुउद्योगांसाठी ब्यूरोचा वेगळा कार्यक्रम आहे.

पुढील वाटचाल : डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायदादुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराचा मार्ग मोकळा केला आणि २८ जून २०२३ रोजी ती योजना अधिसूचित झाली. पॅटमधील ऊर्जाप्रधान क्षेत्रे टप्प्याटप्प्याने तिकडे वळवली जात आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद यांची उत्सर्जन-उद्दिष्टे जाहीर झाली. सिमेंटसाठी हा बदल मूलभूत आहे. चुनखडी भाजताना इंधनाखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. पॅटच्या हिशेबात तो कधीच धरला जात नव्हता, नव्या हिशेबात त्याची नोंद होते.