पैठणी

पैठणी ही महाराष्ट्रात हातमागावर विणली जाणारी रेशमी साडी आहे. जरीचे काठ, नक्षीदार पदर आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे विणकाम ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. गोदावरीकाठच्या पैठण या गावावरून तिला हे नाव मिळाले. सध्या नाशिक जिल्ह्यातील येवले हे पैठणीचे मुख्य उत्पादनकेंद्र आहे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

इतिहास

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पेशवाईत पैठणीला राजाश्रय लाभला; हैदराबादच्या निजाम घराण्यानेही तिला आश्रय दिला. पुढे राजाश्रय आटला, गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि हा व्यवसाय खालावला. स्वातंत्र्यानंतर शासकीय प्रशिक्षणामुळे त्याला पुन्हा चालना मिळाली. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेमुळे आजीच्या जुन्या पैठणीला मराठी वाचकांच्या मनात कायमचे स्थान मिळाले आहे.

विणकाम

पदराची पार्श्वभूमी जरीची व नक्षी रंगीत रेशमाची असते. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी बाण्याची स्वतंत्र कांडी असते आणि विणकर ती हातानेच ताण्यातून फिरवतो. जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तेथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणून साध्या पदराला काही आठवडे, तर भरगच्च पदराला अनेक महिने लागतात. ताणा व बाणा भिन्न रंगांचे असल्यास साडीवर धूपछाव दिसते.

मोर, मुनिया, कमळ व असावली या पदरावरील प्रचलित नक्ष्या, तर नारळी व पंखी हे काठाचे प्रकार आहेत. लाल काठाची काळी चंद्रकळा व पोपटी रंगाची राघू या पारंपरिक पैठण्या होत.

पारख

यंत्रमागावरील अनुकरणे स्वस्त असल्याने विणकरांच्या उपजीविकेवर त्यांचा परिणाम होतो. अशा साडीच्या पदराच्या उलट बाजूस बहुधा लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. हातविणीच्या पदराची नक्षी मात्र उलट बाजूनेही स्वच्छ असते.

नेसण्याची पद्धत

पूर्वी पैठणी नऊवारी असे व काष्टा घालून नेसली जाई. आता सहावारी अधिक प्रचलित आहे. नक्षी पूर्ण दिसावी म्हणून पदर बहुधा खांद्यावरून मोकळा सोडतात. पदराच्या चुण्या केल्यास टाचणी जरीत न टोचता रेशमी भागात, आतून कापडाचा तुकडा ठेवून लावावी. नथ, ठुशी, तन्मणी हे तिच्यासोबतचे पारंपरिक अलंकार आहेत.

निगा

पैठणी घरी पाण्यात न धुता ड्रायक्लीन करून घ्यावी. नेसून झाल्यावर ती काही वेळ सावलीत पसरून घाम सुकू द्यावा. अत्तर साडीवर फवारू नये. त्याने रेशमावर डाग पडतात. इस्त्री उलट बाजूने, मंद आचेवर, वर सुती कापड ठेवून करावी.

जरीतील चांदी दमटपणाने व हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. म्हणून साडी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कोरड्या मलमलीत गुंडाळावी आणि डांबराच्या गोळ्यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नये. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवण्याची जुनी रीत आहे. रेशीम घडीच्या रेषेवर विरते, यासाठी दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालावी. जड पदराच्या वजनाने कापड ताणले जाते, त्यामुळे पैठणी टांगून ठेवू नये.