कच्चं लिंबू

ब्रिटनमध्ये मोटरसायकल रेसिंगचं पहिलं लायसन्स हवं असेल, तर आधी ऑटो-सायकल युनियनचा छोटा कोर्स करावा लागतो आणि लेखी परीक्षा पास व्हावी लागते. झेंडे तोंडपाठ हवेत. पिवळा झेंडा हलताना दिसला की वेग कमी, ओव्हरटेकिंग बंद. लाल म्हणजे रेस थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे निसरडं आहे. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर दिसला, तर बिघाड तुमच्या गाडीत आहे, मुकाट्याने बाहेर पडा. हे सगळं जमलं तरी सुरुवातीच्या रेसेसमध्ये अंगावर नारिंगी जॅकेट असतं. मागून येणाऱ्याला लांबूनच कळावं, पुढे कच्चं लिंबू आहे.

पुढच्या महिन्यात माझी परीक्षा. पाठांतर मला कधीच आवडलं नाही, म्हणून मी नियमांचा इतिहास वाचत सुटले.

सुरुवात 1907 ची. ब्रिटनमध्ये तेव्हा रस्त्यावर ताशी 20 मैलांची मर्यादा होती, त्यामुळे रेसचा प्रश्नच नव्हता. आइल ऑफ मॅन या बेटाची संसद मात्र वेगळी, तिने रेससाठी रस्ते बंद करायला परवानगी दिलेली. 28 मे 1907 ला तिथे पहिली टुरिस्ट ट्रॉफी झाली. 25 गाड्या, दहा फेऱ्या, सुमारे 158 मैल. चार्ली कॉलियर ताशी 38 मैलांच्या सरासरीने जिंकला. आज कुणीही स्कूटरवर गाठेल असा वेग. पण कच्चा रस्ता, पट्ट्यावर चालणारी गाडी आणि डोक्यावर फार तर कापडी टोपी, हे धरून मोजा. 1911 मध्ये रेस डोंगरातल्या मोठ्या मार्गावर गेली आणि त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिजचा जीव गेला. टीटीतला तो पहिला मृत्यू.

मला यातला सर्वांत आवडता माणूस रेसर नाही, डॉक्टर आहे. एरिक गार्डनर. ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर वैद्यकीय काम बघायचा. डोकं फुटलेले रायडर पुन्हा पुन्हा येताना पाहून त्याने कॅनव्हासवर लाखेचे थर चढवून कडक टोपी करून घेतली. (त्या काळी जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. म्हणजे त्या टोप्यांत आपल्याकडच्या झाडांवरचे किडेही होतेच.) युनियन आधी तयार नव्हती. पण 1914 च्या टीटीत टोपी सक्तीची झाली. रेसनंतर बेटावरच्या डॉक्टरने लिहून कळवलं म्हणे, की दरवर्षी डोक्याला मार लागलेल्या छान छान केसेस बघायला मिळतात, यंदा एकही नाही!

अर्थात टोपीने सगळं भागत नाही. त्याच वर्षी वॉकर नावाचा रायडर रेस संपवून, तिसरा येऊन, शेवटची रेघ ओलांडून तसाच पुढे गेला आणि आडव्या लावलेल्या अडथळ्यावर आदळला. काही दिवसांनी गेला. रेस संपल्यावर कसं थांबायचं, कुठून परत यायचं याची पानं मला पहिल्या वाचनात फालतू वाटली होती. वॉकरबद्दल कळल्यावर ती पुन्हा वाचली.

साध्या रस्त्यावरच्या चालकांना हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र ब्रिटनमध्ये 1973 उजाडलं. मधल्या काळात 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतला न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स मग वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे लागला आणि 1941 मध्ये त्याने आपला अभ्यास छापला. गार्डनरची टोपी तोवर 27 वर्षं जुनी झाली होती.

आईला फोनवर हे सगळं सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायकांना देतात का गं हे लायसन्स?"

देतात. पण प्रश्न बरोबर होता. 1962 मध्ये बेरिल स्वेन ही लंडनची बाई 50 सीसीच्या टीटीत उतरली. इटम नावाची चिमुकली इटालियन गाडी. सोलो टीटीत उतरलेली ती पहिली बाई. वरचा गिअर गेला तरी तिने रेस पुरी केली आणि बाविसावी आली. गिअर गेल्यावर डोंगर चढून यायचं, म्हणजे गाडी चांगलीच कळत असणार तिला. यानंतर तिचं आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून घेतलं. किमान वजनाचा नियम आला, त्यात ती बसत नव्हती. बाईला काही झालं तर खेळाची बदनामी होईल, ही खरी धास्ती.

गार्डनरच्या टोपीला युनियनने आधी नाही म्हटलं होतं, कारण ती नवी होती. बेरिलला नाही म्हणताना मात्र सुरक्षिततेचीच भाषा होती. दोन्ही वेळा नियम करणाऱ्यांनी काळजी आमचीच केली म्हणायची.

पुढची बाई टीटीत सोलो उतरली ती 1978 मध्ये, हिलरी मसन. मधे सोळा वर्षं गेली.