ॲरिझोनातला हाजी अली

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. फजरची नमाज आटोपून मी चहा ठेवत होते, तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. "खाला, हाजी अली की कब्र पे खड़े हैं हम दोनों."

मला वाटलं, दोघं न कळवताच मुंबईला आले. वरळीच्या समुद्रातला दर्गा आणि भरतीला पाण्याखाली जाणारी ती वाट डोळ्यांसमोर आली. म्हटलं, "अगं, मग घरी कधी येताय?" ती खळखळून हसली आणि तिनं फोन फिरवला. समुद्राचा पत्ताच नव्हता. मावळतीचं ऊन, वाळू, खुरटी झुडपं, दूरवर बोडके डोंगर. मधोमध दगड रचून केलेला एक छोटा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट.

ते गाव होतं क्वार्ट्झसाइट. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, काही हजार वस्तीचं वाळवंटी गाव. हिवाळा आला की चाकांवरची घरं घेऊन लाखो लोक तिथे येऊन राहतात.

भाची आणि जावई फिनिक्सला असतात. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आणखी रजा जोडून त्यांनी एक आरव्ही भाड्यानं घेतली होती. आरव्ही म्हणजे ट्रकएवढी गाडी, आत शेगडी, बिछाना, छोटी मोरी, पाण्याच्या टाक्या. दहा दिवस दोघं ॲरिझोना, युटा आणि न्यू मेक्सिकोच्या लाल खडकांच्या दऱ्यांतून हिंडली. रोज रात्री फोटो यायचे आणि मी शिक्षिकेच्या सवयीनं त्या त्या जागेचा इतिहास वाचून ठेवायची. दहा दिवसांनी लक्षात आलं की वाचता वाचता मी एकच गोष्ट शोधत होते : या जागांना आणि इथल्या वाटा तुडवणाऱ्यांना नावं कुणी दिली?

पहिला मुक्काम होता ग्रँड कॅनियन. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. भाचीनं विचारलं, "खाला, इथे विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल कसे काय आले?" ही देवळं नाहीत, दरीत उभे असलेले खडकांचे सुळके आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८२ साली या दरीवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याला हे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, म्हणून त्यानं तशी नावं दिली. पुढे तीच रीत पडली. दरीच्या तळातल्या सुमारे १७० कोटी वर्षांच्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे.

ऐकायला गंमत वाटते. पण त्या दरीत तेव्हा माणसं राहत होती. हवासुपाई जमातीचे लोक दरीतल्या एका झऱ्याकाठी मका, भोपळा पिकवत. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि काही वर्षांत त्यांना तिथून उठवण्यात आलं. त्यांच्या बागेला नकाशात नाव होतं 'इंडियन गार्डन'. कुठले इंडियन, कुणाची बाग, काही नाही. २०२२ साली जमातीच्या मागणीवरून ते नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' झालं. म्हणजे विष्णूला १८८२ मध्ये जागा मिळाली, आणि तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या नावासाठी २०२२ पर्यंत थांबावं लागलं.

या दरीच्या काठावर पहिले युरोपीय आले १५४० मध्ये. गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश अधिकारी होपी वाटाड्यांसोबत काठावर पोचला. वरून नदी एखाद्या ओढ्याएवढी दिसत होती. तिघं जण खाली उतरायला निघाले, एक तृतीयांश उतार उतरले आणि हात टेकून परत आले. त्यांनी वर येऊन सांगितलं की इथून माणसाच्या उंचीचे दिसणारे ते दगड सेव्हियाच्या मोठ्या मनोऱ्याहूनही उंच आहेत. हे वाचताना मी थबकले. सेव्हियाचा मोठा मनोरा म्हणजे गिराल्दा. अलमोहाद सुलतानांनी १२व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, तिथल्या जामा मशिदीचा मिनार. १२४८ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, मशिदीचं कॅथेड्रल झालं, मिनार मात्र उभा राहिला. ग्रँड कॅनियनची उंची जगाला सांगायला पहिली मोजपट्टी लागली ती एका मिनाराची.

कार्देनास ज्या मोहिमेतून आला, तिला वाट दाखवणारा माणूस एक वर्ष आधीच मारला गेला होता. त्याची गोष्ट भाची न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीवर, झुनी लोकांच्या प्रदेशाजवळ पोचली तेव्हा मी तिला सांगितली.

मोरोक्कोच्या किनाऱ्यावर अझेम्मूर नावाचं गाव आहे. १५१३ मध्ये ते पोर्तुगिजांनी घेतलं. तिथला एक काळा, अरबी बोलणारा तरुण गुलाम म्हणून विकला गेला आणि स्पेनमध्ये दोरान्तेस नावाच्या सरदाराच्या हाती पडला. मुसलमानांना नव्या मुलखात जायला बंदी होती, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला असणार. नाव मिळालं एस्तेबान. पण लोक म्हणायचे एस्तेबानिको, म्हणजे 'छोटा एस्तेबान'. आपल्याकडे मोठ्या माणसालाही नोकर म्हणून 'छोटू' हाक मारतात, तसं. १५२८ मध्ये सुमारे ३०० स्पॅनिश लोक फ्लोरिडात उतरून आत शिरले. भूक, रोगराई आणि वादळांतून अखेर चार जण वाचले. आठ वर्षं पायपीट करून १५३६ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. त्या चौघांत एस्तेबान होता. वाटेत भेटणाऱ्या जमातींशी बोलणं, खाणाखुणा करणं, पुढची वाट विचारणं, हे काम मुख्यतः त्याचंच.

१५३९ मध्ये मार्कोस दे निझा या पाद्र्याबरोबर त्याला उत्तरेला धाडण्यात आलं. एस्तेबान पुढे जायचा आणि जेवढी मोठी बातमी तेवढा मोठा क्रूस मागे पाठवायचा. काही दिवसांनी माणसाच्या उंचीचा क्रूस आला. त्यानंतर आली त्याच्या मृत्यूची बातमी. झुनींच्या हाविकू गावी तो मारला गेला. आजचं ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको पाहणारा, जुन्या जगातून आलेला बहुधा पहिला माणूस हा. आणि त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव एकाही कागदावर नाही.

त्याआधी दोघं कॅनियन दे शे पाहून आली होती. लिहिताना 'चेली' लिहितात, म्हणताना 'शे' म्हणतात. नवाहो लोक या दरीला म्हणतात 'त्सेयी', म्हणजे खडकाच्या आतली जागा. स्पॅनिश लोकांनी ऐकलं तसं लिहिलं, इंग्रजांनी लिहिलं तसं वाचलं, आणि नाव गेलं कुठल्या कुठे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं याच दरीतली नवाहोंची पीचची हजारो झाडं तोडली, उभी पिकं जाळली. उपासमारीनं शरण आलेल्या हजारो नवाहोंना सुमारे ५०० किलोमीटर चालवत बोस्के रेदोन्दोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या करारानं ते परत आले. आज त्या दरीच्या तळाशी बहुतेक ठिकाणी नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. भाचीनं तिच्या वाटाड्याकडून 'त्सेयी' म्हणायला शिकून घेतलं आणि मला तीनदा म्हणून दाखवलं.

तिथून गाडी पश्चिमेला वळली, फ्लॅगस्टाफवरून जाणाऱ्या महामार्गाला. हा रस्ता आंतरराज्य ४०. त्याआधी इथूनच प्रसिद्ध रूट ६६ जायचा, त्याआधी रेल्वे आली होती. आणि सगळ्यांच्या आधी, १८५७ मध्ये, एडवर्ड बील नावाच्या अधिकाऱ्यानं इथे बैलगाड्यांची वाट आखली होती. ती आखताना सामान वाहायला त्याच्याकडे २५ उंट होते.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर, १८४८ मध्ये, हा सगळा वाळवंटी मुलूख अमेरिकेच्या हाती आला होता. रेल्वे नव्हती, खेचरं पाण्यावाचून मरत. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी उंट आणायची कल्पना लावून धरली आणि १८५५ मध्ये संसदेनं ३० हजार डॉलर मंजूर केले. 'सप्लाय' नावाचं जहाज ट्युनिस, इजिप्त, इझमीर अशा बंदरांतून उंट गोळा करून १८५६ मध्ये टेक्ससला आलं. दोन खेपांत मिळून सुमारे ७५ उंट उतरले. पण उंट आणून काय होणार? त्यांना बसवायचं कसं, ओझं बांधायचं कसं, हे अमेरिकी शिपायांना कुठे ठाऊक? म्हणून उंटांबरोबर ऑटोमन मुलखातले उंटवालेही आले. त्यांतलाच एक हाजी अली. नावातला 'हाजी' त्याच्या हजची खूण. अमेरिकी शिपायांच्या जिभेवर 'हाजी अली' काही बसेना. त्याचं झालं 'हाय जॉली'.

बीलच्या मोहिमेत उंटांनी सहाशे पौंडांचं ओझं वाहिलं, खेचरं तोंड लावत नाहीत असली कडू झुडपं खाल्ली. कोलोरॅडो नदीशी आल्यावर सगळे म्हणाले, उंटाला पोहता येत नाही. उंट एकामागे एक पोहून पार झाले. बुडाली ती काही घोडी आणि खेचरं.

तरीही प्रयोग टिकला नाही. उंटाच्या वासानं खेचरं बिथरत, शिपायांना उंटाचा स्वभाव जमेना, १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि डेव्हिस बंडखोरांचा अध्यक्ष झाला. १८६४ मध्ये कॅलिफोर्नियात सरकारी उंटांचा लिलाव झाला. हाजी अलीनं काही उंट ठेवून मालवाहतुकीचा धंदा करून पाहिला. तो बुडाला, तेव्हा त्यानं उंट वाळवंटात सोडून दिले. पुढे सैन्यात ओझ्याच्या जनावरांचं काम केलं, खाणी धुंडाळल्या. १८८० मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला, टूसॉनला त्यानं लग्न केलं, दोन मुली झाल्या. नागरिकत्वाच्या कागदावर त्याचं नाव आहे फिलिप तेद्रो. १६ डिसेंबर १९०२ रोजी तो क्वार्ट्झसाइटला वारला. वाळवंटात एका उंटाच्या गळ्यात हात टाकून त्यानं जीव सोडला, अशी दंतकथा तिकडे सांगतात. १९३५ मध्ये त्याच्या कबरीवर पिरॅमिड उभारला तो ॲरिझोनाच्या रस्ते खात्यानं. रस्त्यासाठी राबलेल्या माणसाची आठवण रस्तेवाल्यांनी ठेवली, हे मला आवडलं. दगडावर नाव मात्र 'हाय जॉली'च.

जावयानं तिथे उभं राहून फातिहा पढली. मग मला म्हणाला, "खालाजान, ऑफिसमध्ये मला सगळे 'मो' म्हणतात. मीच सांगितलं तसं म्हणा म्हणून, मोहसिन म्हणताना त्यांची फार ओढाताण व्हायची. चुकलो का मी?"

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. हाजी अलीनंही फिलिप तेद्रो हे नाव स्वतःच कागदावर लावलं होतं. माणूस परक्या मुलखात पोट भरायला जातो तेव्हा नावाला थोडी मुरड घालतो. त्यात लाज कसली? मी त्याला म्हटलं, "बेटा, तू सांगितलंस म्हणून ते 'मो' म्हणतात. उद्या तू 'मोहसिन म्हणा' म्हणालास तर त्यांना म्हणावं लागेल. त्या एस्तेबानला कुणी विचारलंच नव्हतं."

फोन ठेवला आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी पटावर नावं देवनागरीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'अब्दुर्रहीम' नावाच्या मुलाचं नाव मी घाईघाईत 'अब्दुल रहिम' असं तोडून लिहिलं. तेच दाखल्यावर गेलं. बारा वर्षांनी तो पासपोर्टसाठी गेला तेव्हा जन्मदाखला एक सांगत होता, शाळेचा दाखला दुसरंच. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा अर्ज. त्याचे वडील गवंडी. कामाचे किती दिवस बुडाले कोण जाणे. माझ्याकडे आले तेव्हा रागावलेही नाहीत. म्हणाले, "आपा, आपने तो अच्छे हर्फ़ में लिखा था." खरंतर अक्षर सुंदर होतं. नाव चुकलं होतं, कारण मी मुलाला विचारलं नव्हतं.

गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराला इंग्लंडमध्ये 'कॅराव्हॅन' म्हणतात. तो शब्द फारसीतल्या कारवाँचा, आणि 'व्हॅन' हा त्याचाच तुकडा. शब्द असे तुटत, घासत पुढे जातात, त्याला कुणाची हरकत नसते. पण माणूस समोर उभा असेल तर त्याला विचारता येतं.

आता दर जूनला नवा पट लिहिताना मी एकेका मुलाला जवळ बोलावते आणि विचारते, "घर में क्या बुलाते हैं? अम्मी कैसे लिखती हैं?" दोन दिवस जास्त लागतात. मुख्याध्यापक कुरकुरतात. लागू देत.