मिलिमीटर खरे, टक्के उसने

वाशिमच्या अंगणवाडीत मुलाचं पोषण ठरतं ते वजन, उंची आणि दंडाचा घेर यांवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्हा पत्रक तर वजन-उंचीपाशीच थांबतं. मूल हलकं आहे की खुजं, हे त्यातून कळतं. पण आहे त्या वजनात चरबी किती आणि मांस किती, हे कळत नाही. ते ताडायची युक्ती मात्र जुनी आहे. त्वचेची घडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची आणि तीवरून अंगातली चरबी काढायची, हे गणित चेक मानववंशशास्त्रज्ञ मातिएग्का यांनी १९२१ साली मांडलं. पुढे दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम असा ठरावीक दाब देणारे कॅलिपर आले आणि माप भरवशाचं झालं. घोटाळा झाला तो मिलिमीटरचे टक्के करताना. त्यासाठी माणसाला पाण्याखाली तोलून शरीराची घनता काढत आणि चरबी वगळता उरलेल्या भागाची घनता सर्वांची सारखीच धरत. लहान मुलांच्या त्या भागात पाणी जास्त, हाडांत खनिजं कमी. त्यामुळे मोठ्यांच्या सूत्रात मूल असतं त्याहून चरबीदार ठरतं. १९८८ मध्ये अमेरिकेत स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी ही चूक सुधारली, पण त्यांनी तपासलेल्यांत सर्वांत लहान आठ वर्षांचे होते. अंगणवाडीचं वय सहाला संपतं. तेव्हा टक्के सोडावेत आणि घडी ठेवावी, असं माझं मत आहे.

जिथे मुलांचं वजनच भरत नाही तिथे चरबी कशाला मोजायची, असं कुणी विचारेल. उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत मिळतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तिथल्या शेतकरी घरांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पोटाचा आणि दंडाचा घेर फारच कमी, पण खांद्याच्या पात्याखालची घडी त्या मानाने टिकलेली. तूट मांसात होती, चरबीत तेवढी नव्हती. वाशिममध्ये असंच असेल असं यावरून म्हणता येत नाही. मोजल्याशिवाय नाकारताही येत नाही. दोन मुलांचे दंड पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे असले, तरी एकाची दंडावरची घडी आठ मिलिमीटर आणि दुसऱ्याची बारा असेल, तर घेरातून घडीची ३.१४ पट वजा केल्यावर मांसाचा घेर साडेबारा आणि सव्वाअकरा उरतो. नुसती टेप दोघांना एकच ठरवते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोन हातांनी घेतलेली घडी सारखी येत नाही. खरं आहे. म्हणून हे काम सरसकट सेविकांच्या माथी मारू नये (त्यांच्याकडे रजिस्टरं थोडी नाहीत). काही वर्षांनी एकदा, निवडक गावांत, शिकवलेल्या पथकाने करावं. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांच्या घड्या अशाच मोजल्या गेल्या. पण त्याचे आकडे राज्यापुरते आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या मुलांसह काढलेल्या सरासरीतून वाशिममधल्या रिसोड-मानोऱ्याचं मूल वेगळं काढता येत नाही.