शिक्षक आणि शासक : टांझानियाचा धडा



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात शिक्षकाविषयी बोलणे उचितच. मी निवडलेला शिक्षक मात्र आफ्रिकेतला आहे. त्याने वर्ग सोडला आणि एक राष्ट्र शिकवायला घेतले.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी आपला गोमंतक पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. पूर्व आफ्रिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांना तो प्रदेश मुळीच परका नव्हता. १९६४ मध्ये टांगानिका आणि झांझिबार यांच्या संयोगातून टांझानिया निर्माण झाला. त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे (१९२२-१९९९) हे पेशाने शिक्षक होते. राजकारणासाठी त्यांनी १९५५ मध्ये शाळेतील नोकरी सोडली. तरी लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणत राहिले.

नव्या राष्ट्रात शंभराहून अधिक जमाती आणि तितक्याच बोली होत्या. त्यांतील कोणत्याही मोठ्या जमातीची मातृभाषा न्येरेरेंनी इतरांवर लादली नाही. किनाऱ्यावर वाढलेली आणि व्यापाराबरोबर अंतर्भागात पोचलेली स्वाहिली त्यांनी राष्ट्रभाषा म्हणून पुढे आणली. शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणले. राज्यकर्त्यानेच भाषांतरास बसावे, यातून त्या भाषेची प्रतिष्ठा वाढली. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून सुरू झाले, प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग निघाले. सरकारी आकड्यांप्रमाणे १९८०च्या दशकाच्या मध्यास साक्षरता सुमारे ९० टक्क्यांवर गेली. शेजारच्या काही देशांना जमातींच्या वैराने पोखरले असता टांझानिया एकसंध राहिला, याचे बरेचसे श्रेय मी या भाषेला आणि तिच्या शाळांना देतो.

दुसरी बाजू शेतीची. फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा घोषणेने समाजवाद आणि स्वावलंबन ही धोरणे जाहीर झाली. त्यांच्या मुळाशी ‘उजामा’ ही कल्पना होती. उजामा म्हणजे कुटुंबभाव. आपल्या ‘जमात’ शब्दाशी याचे अरबी मूळ एकच आहे. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र वस्ती करावी, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पाणी पोचवणे सुलभ होईल, हा विचार मला आजही सयुक्तिक वाटतो. आरंभी हे स्वेच्छेने व्हायचे होते. पण लोक अपेक्षेइतके आले नाहीत. तेव्हा १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये गावात राहणे ही आज्ञाच ठरली आणि १९७६ अखेरची मुदत घातली गेली. लक्षावधी कुटुंबे हलवली गेली. काही ठिकाणी जुनी घरे पाडली वा जाळली गेली. घरापासून शेत दूर पडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन ओळखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी अधिकारी सल्ला देऊ लागला. त्यातच अवर्षण, तेलाची दरवाढ आणि १९७८-७९ मधील युगांडाशी युद्ध यांची भर पडली. देश धान्य आणि परकीय मदत यांवर विसंबू लागला.

एकाच माणसाच्या या दोन कार्यांचे फळ इतके भिन्न का? माझे उत्तर असे : भाषेच्या बाबतीत न्येरेरे शिक्षक राहिले, गावांच्या बाबतीत ते शासक झाले. १९६५ पासून देशात कायद्याने एकच पक्ष होता. मतदाराला त्याच पक्षाच्या दोन उमेदवारांतून निवड करता येई, आणि त्यात मंत्रीही पराभूत होत. परंतु धोरणालाच नकार देण्याची सोय नव्हती. शेतकऱ्याचे न येणे हे एक उत्तर होते. ते ऐकले गेले नाही.

शिक्षणातही काम अर्धेच राहिले. प्राथमिक वर्गांनंतर माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले, आणि गरीब घरातील मूल त्या उंबरठ्यावर अडखळत राहिले. सीमेवरच्या आणि बहुभाषिक प्रदेशातल्या आपल्यासारख्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको.

तरीही १९८५ मध्ये न्येरेरे आपण होऊन राष्ट्राध्यक्षपदावरून दूर झाले आणि पुढे बहुपक्ष पद्धतीच्या बाजूने बोलले; १९९२ मध्ये ती पद्धत आली. नवस्वतंत्र देशांच्या इतिहासात ही उदाहरणे विरळाच.

मित्रहो, नवे राष्ट्र उभारताना घाई असते, आणि घाईत आज्ञा सोपी वाटते. आपल्याही ग्रामपंचायतीत, संस्थेत, शाळेत हा मोह येतो. ज्याच्यासाठी योजना आखली तो मागे का रेंगाळतो, हे त्यालाच विचारावे आणि त्याचे उत्तर योजनेत मिळवावे, एवढेच मला टांझानियाच्या इतिहासातून आपल्यापुढे ठेवावेसे वाटले.