हप्त्यांनी वाचलेली यमू

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आज आपण सलग पुस्तकरूपात वाचतो, तीही बहुधा परीक्षेच्या धाकाने. तिच्या पहिल्या वाचकांचे वाचन निराळे होते. १८९० साली आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून यमूची कहाणी क्रमशः येऊ लागली. त्याच सुमारास संमतिवयाचा वाद पेटला होता. आगरकरांचा 'सुधारक' विधेयकाच्या बाजूने, तर टिळकांचा 'केसरी' विरोधात उभा होता. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. संमतिवय १० वरून १२ वर आले.

कायदा झाला, तरी यमूची कहाणी चालूच होती, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. यमूचा नवरा रघुनाथ समंजस, सुधारकी वृत्तीचा. तिच्यावर खरा घाला पडतो तो त्याच्या मृत्यूनंतर : सासरी सक्तीने झालेले केशवपन आणि शंकरमामंजींचा जाच. त्या कायद्याच्या कक्षेत हे दुःख येतच नव्हते. वृत्तपत्रे वयाचा हिशेब मांडत असताना कादंबरी माजघरातले वास्तव सांगत होती, तेही यमूच्याच तोंडून.

म्हणून ही कादंबरी चार जणांनी मिळून, भागाभागांनी, मध्ये थांबत आणि वाद घालीत वाचावी, असे आम्ही सुचवतो. शेवट ठाऊक असलेला वाचक यमूची कीव करून मोकळा होतो. पुढील भागाची वाट पाहणारा मात्र तिच्या सुटकेची आशा धरून असतो. शीर्षकातला प्रश्न खरा बोचतो तो त्यालाच.