युद्धखेळातील 'आगाऊ घुसखोरी'चा नियम आणि दिल्लीवरील १७३७ ची धडक

मेजावर छोटे सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत टेहळ्या तुकड्यांसाठी एक खास सवलत असते. दोन्ही फौजा मांडून झाल्या की टेहळे शत्रूच्या जवळ, पुढे नेऊन ठेवता येतात. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या २०२३ च्या आवृत्तीत असे सैनिक शत्रूपासून आणि त्याच्या मांडणीक्षेत्रापासून ९ इंचांहून अधिक अंतरावर कुठेही ठेवता येतात. प्रश्न असा, की इतिहासात असे घडते का?

आपल्याकडचे उदाहरण पहाडगंजपासून चार-पाच किलोमीटरवरच आहे. मार्च १७३७ मध्ये सादतखानाने जलेसरजवळ मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटले आणि मराठ्यांना चंबळेपार हाकलल्याचे बादशहाला कळवले. दरबार निश्चिंत झाला. पहिल्या बाजीरावांनी मोगलांच्या मोठ्या फौजा बाजूला टाकल्या, आडवाटेने लांब मजला मारल्या आणि महिनाअखेरीस ते दिल्लीच्या वेशीवर हजर झाले. कालकादेवीच्या जत्रेत गोंधळ उडाला. पुढे रकाबगंज-तालकटोरा भागात शहरातून बाहेर पडलेल्या मोगल फौजेचा मराठ्यांनी पराभव केला. आज तिथे बागा, स्टेडियम आणि बंगले आहेत, त्यामुळे हे रणांगण होते असे सांगितले तर विद्यार्थी आधी हसतात.

आता नियम या घटनेला लावून पाहू. बाजीराव 'पुढे ठेवले गेले', हे खरे. पण ते अंतर कापताना घोडी थकली, रसद मागे राहिली आणि परतीची वाट मोगल फौजांमधून जात होती. खेळात यातले काहीच मोजले जात नाही, जागा फुकट मिळते. त्याहून मोठी उणीव अशी, की मेजावर दोन्ही खेळाडूंना सगळे दिसते. दिल्लीत मात्र बादशहा मुहम्मदशहापुढे सादतखानाचा अहवाल होता, मराठे नव्हते. घुसखोरी झाली ती आधी बातमीत, मग जमिनीवर.

५ एप्रिल १६६३ चा लाल महालावरील छापाही असाच. शाहिस्तेखानाच्या फौजेत पुष्कळ मराठे नोकरीला होते, म्हणून रात्री पुण्यात शिरणारी मराठी माणसे ओळखू येणे अवघड. पहारा कसा चुकवला याचे तपशील साधनांत वेगवेगळे आहेत, पण ९ इंचांच्या नियमाने ते कुठलेच पकडता येत नाहीत. उलट महाराज खानाच्या शयनगृहापर्यंत गेले, म्हणजे अंतर शून्यच!

उलट बाजूने पाहा. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब कुंजपुरा घेऊन उत्तरेस होते. अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला. इथे सवलत कोणाला द्यायची? अब्दालीकडे टेहळ्यांची तुकडी नव्हती, अख्खी फौजच नदी उतरली. घाटांवर मराठ्यांचा पहारा नव्हता, एवढेच. माझ्या मते सर्व खेळांची मूळ चूक हीच आहे: नियम घुसणाऱ्याच्या कौशल्याला गुण देतो, बचाव करणाऱ्याच्या पहाऱ्याबद्दल विचारत नाही.

गंमत म्हणजे जुना खेळ याबाबतीत पुढे होता. १८२४ मध्ये प्रशियातील राइसविट्झ यांनी मांडलेल्या 'क्रीगश्पील' मध्ये मधे पंच असे. खेळाडू आपले हुकूम त्याच्याकडे देत, आणि त्यांच्या सैनिकांना जे दिसू शकेल तेवढेच पंच त्यांना सांगे. खोटी बातमीही देता येई. वर्गात हे करायला महागडी प्यादी लागत नाहीत. दोन नकाशे, मधे पडदा आणि पंच म्हणून एक धीराचा विद्यार्थी पुरे. सादतखानाचा अहवाल पंचाने वाचून दाखवावा आणि मोगल बाजूने फौज कुठे ठेवायची ते ठरवावे. बाजीरावाच्या बाजूला मात्र एक अट घालावी: दिल्लीत पोचल्यावर बाहेर कसे पडणार, ते आधीच लिहून द्यायचे. प्रत्यक्षात कमरुद्दीनखानाची फौज जवळ येताच बाजीराव रेवाडीच्या वाटेने निघून गेले.